जुन्या गिऱ्हाइकाचा आवाज

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

लातूर,
२४ नोव्हेंबर २०२४

चि. स्वप्नाली हिस मोठ्या अप्पांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

इकडे सगळे खुशाल. तू म्हणशील, टॅबलेटवर दोन ओळी टाकायच्या सोडून मोठ्या अप्पांनी पुन्हा पाकीटच धाडलं. पण घशाचं ऑपरेशन होऊन माझा आवाज गेला तेव्हापासून फोन माझ्या फारसा उपयोगाचा उरला नाही, आणि व्हॉट्सॲपवर माणसाला नीट भांडताही येत नाही. मला थोडं भांडायचं आहे, म्हणून पत्र.

तुझं आणि सुदर्शनचं ‘वाचा’ झकास चाललं आहे. मी टाइप करतो, टॅबलेट बोलतो. फक्त त्यातून आवाज येतो तो तुझ्या भागीदाराचा. त्या पोराने हॉस्टेलच्या खोलीत खिडक्यांना चादरी लावून वाक्यांमागून वाक्यं वाचली, आणि आता लातूरपासून भोकरपर्यंत आम्ही सगळे घसा कापलेले लोक त्याच्या तोंडाने बोलतो. मागे तो घरी आला होता. दारातूनच त्याने पाणी मागितलं, तर तुझ्या मोठ्या अव्वेने आतून मलाच खडसावलं की उठून घ्या की जरा, हात काय मोडलेत? दुकानात मी श्रीशैलला या आवाजात रागावलो की तो हसतो. पोटच्या पोराला हसू येतं तो राग काय कामाचा?

आता मुद्द्याचं. भोकरजवळच्या सिंधुबाई तुला आठवत असतील. नांदेडच्या दवाखान्यात तपासणीच्या दिवशी व्हरांड्यात बसून मी त्यांना तुझं ‘वाचा’ दाखवलं होतं आणि त्यांनी ते लगेच घेतलं. माझा घसा तंबाखूने नेला, त्यांचा मिश्रीने. त्यांच्या लेकीचा, दीपमालाचा, दिवाळीनंतर साखरपुडा झाला. सिंधुबाईंनी पाहुण्यांना बसा म्हणायला टॅबलेट काढला आणि बाईमाणसाच्या हातातून सुदर्शनचा भारदस्त आवाज निघाला. नवऱ्याकडची पोरं खिदळली. एक म्हातारे पाहुणे मान वळवून विचारायला लागले की हा कोण बाप्या बोलून राहिला. त्या दिवसापासून बाईंनी टॅबलेट कपाटात टाकला आहे, असं त्यांचे मालक व्यंकटराव यांनी कळवलं.

लग्न माघात आहे. त्यांच्या घरची एक रीत आहे. लेकीला वाटं लावताना ती गाडीत बसायच्या आधी आईने तिला नावाने हाक मारायची, लेकीने वळून बघायचं, मगच गाडी हलते. ती हाक सिंधुबाईंनी सुदर्शनच्या आवाजात मारावी काय?

तुमचं नवं ‘वाचा’ निघालं असं कानावर आलं. माणसाच्या जुन्या रेकॉर्डिंगवरून त्याचाच आवाज तयार करतं म्हणे. मग ते आम्हा जुन्या गिऱ्हाइकांना कधी देतेस? मी सिंधुबाईंना आणि बाकी सगळ्यांना सांगून ठेवलं आहे की एकदा घेतलं की पुढचं सगळं फुकट. आपल्या भांड्यांच्या दुकानाची रीत तुला काय सांगायची. आपल्याकडून नेलेल्या भांड्याचे पोचे काढायला आणि त्यावर नाव घालायला आपण कधी कुणाकडून काही घेतलं नाही. भांडं आजीने नेलेलं असो आणि नात घेऊन येवो.

तुझ्या बाबांना विचारल्याचं सांग. माया आहेच, ती आटू देऊ नकोस.

तुझे मोठे अप्पा,
धोंडप्पा

---

विष्णुपुरी, नांदेड,
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप मोठे अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. भांडायचं म्हणून पाकिटाला तिकीट लावणारे अख्ख्या मराठवाड्यात तुम्हीच उरला असाल. सुदर्शनला वाचून दाखवलं. पाण्याच्या गोष्टीवर तो पोट धरून हसला. फुकटाच्या परिच्छेदावर मात्र त्याचं हसू थांबलं, आणि माझंही.

मोठे अप्पा, हा शब्द द्यायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? रीत आपल्या दुकानाची, पण माल माझा ना! विकताना आम्ही असं कुणालाच म्हणालो नव्हतो. तुम्ही व्हरांड्यात बसून आमची गिऱ्हाइकं जोडलीत, ते उपकार मी विसरणार नाही. तुम्ही नसता तर आमचं ‘वाचा’ कॉलेजच्या प्रदर्शनातच राहिलं असतं. पण तुम्ही जे कबूल केलंत ते आम्हाला पेलायचं कसं, ते सांगा.

जुनं ‘वाचा’ एकदा टॅबलेटमध्ये बसलं की बसलं. ते दर महिन्याला काही मागत नाही. नव्याचं तसं नाही. तुम्ही लिहिलेला प्रत्येक शब्द लांबच्या मोठ्या संगणकांवर जातो आणि तिथून तुमच्या आवाजात परत येतो. त्या संगणकांचं भाडं आम्हाला दर महिन्याला भरावं लागतं. जितके लोक बोलतील तितकं भाडं. भांड्याचा पोचा काढणं वेगळं आणि त्या भांड्याखाली जन्मभर जाळ घालत बसणं वेगळं. तुमच्या दुकानाने तेही केलं असतं काय?

जुन्यातच बाईचा आवाज बसवता आला असता तर मी विचारलंही नसतं. पण ते सगळं सुदर्शनच्या आवाजाभोवती बांधलेलं आहे. पहिली गिऱ्हाइकं सगळी पुरुषमंडळी होती, तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. आता दुसरा आवाज घालायचा तर पायापासून काम, आणि माघ तर तोंडावर आला. म्हणून आम्ही ठरवलं आहे की जुन्या लोकांना नवं अर्ध्या किमतीत द्यायचं. झेरॉक्सच्या दुकानावरच्या एका खोलीत बसणाऱ्या दोन माणसांना याहून जास्त झेपत नाही.

मोठ्या अव्वेची गुडघेदुखी कशी आहे? थंडीत तिला सकाळी गारठ्यात अंगण झाडू देऊ नका. राग आला असेल तर पुढच्या पत्रात काढा, पण पत्र पाठवा.

आपली,
स्वप्नाली

---

लातूर,
१६ डिसेंबर २०२४

चि. स्वप्नाली हिस आशीर्वाद.

राग आला, कसा नाही येणार? पण तू लिहितेस झोकात. जाळाचं उदाहरण श्रीशैललाही पटलं, आणि तो नेहमी तुझ्याच बाजूचा. मला मात्र पटलं नाही.

नवं आणि दुरुस्त यांत फरक असतो, पोरी. माझ्यासारख्याला स्वतःचा आवाज परत मिळणं ही चैन आहे. सुदर्शनच्या आवाजावर माझं भागतं. पण बाईला पुरुषाचा आवाज देणं ही मालातली खोट आहे. बूड गळकं असलेली घागर आपल्याकडून गेली आणि बाई ती घेऊन परत आली, तर तिला आपण नव्या घागरीवर सवलत सांगतो की आधी बूड बघतो? आणि तुम्हा कंपनीवाल्यांची ही काय तऱ्हा? नवीन माणसाला पहिले तीन महिने फुकट, अशी तुमची जाहिरात व्यंकटरावांनीच मला मोबाइलवर पाठवली. नव्याला पायघड्या आणि ज्यांच्या जिवावर उभे राहिलात त्यांना दार. जुनं गिऱ्हाईक कुठं जातंय, हे तुम्ही धरूनच चालता.

तिकडे सिंधुबाईंची तयारी झाली आहे. व्यंकटरावांनी जुन्या फोनमध्ये त्यांचा आवाज शोधून काढला. सोयाबीनच्या खळ्यावर मजुरांना जेवायला हाका मारतानाचा आहे. व्यंकटराव सांगत होते की तो ऐकला तेव्हा पोरगी आईच्या गळ्यात पडून लई रडली. सिंधुबाईंनी एका कागदावर लिहून दाखवलं म्हणे, की अप्पांनी शब्द दिलाय, माघाच्या आत येतं बघा. मी होय म्हणून कळवलं आहे.

अव्वेचे गुडघे जसेच्या तसे, आणि अंगण झाडणंही तसंच. तिला माझं कोण ऐकवतं? निदान तू तरी ऐक.

तुझे मोठे अप्पा

---

विष्णुपुरी, नांदेड,
२ जानेवारी २०२५

तीर्थरूप मोठे अप्पांस सादर नमस्कार.

गळक्या घागरीचं मला लागलं. दोन दिवस कामात लक्ष नव्हतं. सुदर्शनशी पुष्कळ भांडले. तो म्हणतो की तुझ्या मोठ्या अप्पांचं अगदी बरोबर आहे, पण बरोबर असण्याचं भाडं कोण भरणार? जाहिरातीचंही विचारलं. तो म्हणाला, नवी माणसं आली तर जुन्यांचं चालेल, नाहीतर दोघांचंही बंद पडेल. 

म्हणून मधला मार्ग सुचवते. सिंधुबाईंचं ते खळ्यावरचं रेकॉर्डिंग मला पाठवून द्या. तुमचंही काही असेल तर द्या. तुम्हा दोघांना मी नवं गुपचूप चालू करून देते. सुदर्शनला सांगितलं आहे, तो डोळेझाक करेल. फक्त बाकीच्यांना सांगू नका, कारण एकाला कळलं की सगळे मागतील आणि मग आम्हाला खोलीला कुलूप लावावं लागेल. आवाज तयार व्हायला आठवडाभर लागतो. लग्नाच्या आत आरामात होईल.

एवढं ऐका, मोठे अप्पा. घरात मी तुमच्याइतका हट्टी माणूस पाहिला नाही, आणि बाबा म्हणतात की तुमच्यानंतर माझाच नंबर. दोघांपैकी एकाने पडतं घ्यायला हवं ना? संक्रांतीचे तिळगूळ श्रीशैलदादाबरोबर पाठवते.

आपली,
स्वप्नाली

---

लातूर,
१२ जानेवारी २०२५

चि. स्वप्नाली हिस आशीर्वाद.

तुझ्या मनात काही वाईट नाही हे मला कळतं. पण जे सुचवलंस ते आपल्या घरात कुणी सुचवलं नव्हतं. एका गिऱ्हाइकाला समोरच्या दाराने आणि एकाला मागच्या, असं आपल्या गादीवर चालत नाही. तुझ्या आजोबांनी सख्ख्या मेहुण्यालाही चोरून कमी भाव लावला नव्हता. शब्द मी सगळ्यांना दिला. त्यातल्या दोघांनी गुपचूप घ्यायचं आणि बाकीच्यांसमोर मान वर करून बसायचं? मला तपासणीच्या दिवशी त्याच व्हरांड्यात जायचं असतं. सगळ्यांना दे, नाहीतर मलाही नको आणि सिंधुबाईंनाही नको.

व्यंकटराव घायकुतीला आले होते. ते म्हणाले की अप्पा, अर्धी किंमत तर अर्धी, आम्ही इकतच घेऊन टाकतो, लग्नात एवढा खर्च करून राहिलो त्यात हे काय जड हाय. मी त्यांना स्पष्ट कळवलं की घेऊ नका. तुम्ही पैसे भरलेत की माझा शब्द खोटा पडला. थोडा दम धरा, पोरगी माझीच आहे, येईल वळणावर. त्यांनी मानलं. मोठी सालस माणसं आहेत.

तिळगूळ पोचले. कडक होते, पण दात आहेत तोवर तक्रार नाही.

तुझे मोठे अप्पा

---

विष्णुपुरी, नांदेड,
३० जानेवारी २०२५

तीर्थरूप मोठे अप्पांस नमस्कार.

गेले पंधरा दिवस तुमच्या दुसऱ्या पत्राची वाट पाहिली. वाटलं, राग निवळेल आणि तुम्ही रेकॉर्डिंग पाठवाल. आलं नाही. शेवटी मीच व्यंकटरावांना फोन केला. म्हटलं, किमतीचं राहू द्या, मला फक्त तो आवाज पाठवा. ते फार गोड बोलले. पण म्हणाले, ताई, अप्पा हाव म्हणले की पाठवतो, त्यांच्या शब्दाबाहेर आम्ही न्हाई. मागे सिंधुबाई असाव्यात. बांगड्या वाजल्या, बोलणं अर्थातच नाही.

तुम्हाला ही माणसं किती मानतात हे मला त्या दिवशी कळलं, आणि खरं सांगते, भीती वाटली. मोठे अप्पा, रीत तुमची आहे, पण हाक त्यांची आहे. सगळ्या जुन्या लोकांबद्दलचा आमचा निर्णय वर्षाचा हिशेब लागल्यावर, मार्चअखेरीसच होईल, त्याआधी आमच्या हातात काही नाही. लग्न त्याच्या आधी आहे. तुम्ही फक्त एकदा हो म्हणा. पत्र नको, टॅबलेटवर एक अक्षर टाका. मी त्याच दिवशी कामाला लागते. बाकीच्यांचं भांडण आपण नंतर सावकाश भांडू, वर्षभर भांडू.

मला तुमचा शब्द खोटा पाडायचा नाही. मला ती बाई लेकीला हाक न मारता उभी राहायला नको आहे.

वाट बघते.

आपली,
स्वप्नाली

---

लातूर,
२४ फेब्रुवारी २०२५

चि. स्वप्नाली हिस,

आशीर्वाद लिहिताना हात अडला. लिहितो तरी, तेवढा हक्क ठेव.

मी भोकरला लग्नाला जाऊन आलो. नांदेडवरूनच गेलो आणि तुझ्या दारी उतरलो नाही. हे तुला कुणाकडून तरी कळेलच, म्हणून मीच सांगतो. रागाने नव्हे. तुझ्या पत्राला उत्तर दिलं नव्हतं आणि तोंड दाखवायचं धाडस नव्हतं.

लग्न चांगलं झालं. पंगती झाल्या, मानपान झाला. मला व्यंकटरावांनी पहिल्या रांगेत बसवलं, फेटा बांधला. नंतर लेकीला वाटं लावायची वेळ आली. दीपमाला गाडीच्या दाराशी गेली आणि पाठ करून थांबली. त्यांच्यात तसंच थांबतात.  सिंधुबाई तिच्यामागे चार हातांवर उभ्या. त्यांचे ओठ हलले. घशावरचा पदर हलला. पोरगी थांबलेलीच. ती थांबली आणि थांबलीच, स्वप्नाली. नवरदेवाकडच्या कुणीतरी घाई केली. मग सिंधुबाईंच्या धाकट्या बहिणीने पुढं होऊन दीपमाला म्हणून हाक मारली. पोरगी वळली. तिने मावशीकडे पाहिलंच नाही, आईकडे पाहिलं. मग गाडी गेली.

मी फेटा सोडून हातात घेतला आणि मांडवामागे जाऊन उभा राहिलो. रडलो, पण आम्हा लोकांना रडायलाही आवाज नाही, त्यामुळे कुणाला कळलं नाही.

तू विचारशील की मी हो का म्हणालो नाही. सगळा जन्म गादीवर गेला माझा. गिऱ्हाईक भावावर अडतं, उठतं, पायरी उतरायला लागतं. जो आधी हाक देतो त्याला नमावं लागतं. मी तुझ्याशी तेच केलं. मला वाटलं, तू मला पायरीवरून परत बोलावशील, सगळ्यांना फुकट देते म्हणशील, माझा शब्दही राहील आणि हाकही. तुझं पत्र आलं तेव्हा मी मनात म्हणालो, आता नमते आहे, अजून थोडं थांबावं. घासाघीस करत होतो मी. तीही दुसऱ्याच्या गळ्यावर.

सिद्धेश्वराची जत्रा आली आहे. तुझी मोठी अव्वा, दानम्मा, चल म्हणते. मला उठवत नाही.

मोठे अप्पा

---

विष्णुपुरी, नांदेड,
२८ मार्च २०२५

तीर्थरूप मोठे अप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी इतके दिवस पर्समध्ये घेऊन फिरले. उत्तर लिहायला बसले की पुढे सरत नव्हते. सगळा दोष एकट्याच्या डोक्यावर घेऊ नका. मला भोकरला गाडीने जायला कितीसा वेळ लागतो? मी स्वतः जाऊन ते रेकॉर्डिंग मागू शकत होते, सिंधुबाईंसमोर बसून. मी फोन केला आणि माझं कर्तव्य संपलं असं धरलं. मोठे अप्पा नाही म्हणतात ना, मग त्यांच्यावर जाईल, असंही कुठंतरी मनात होतं. हे लिहिताना लाज वाटते.

आता बातमी. ‘वाचा’च्या सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना नवं फुकट मिळेल, कायमचं. तुमचा शब्द आजपासून आमचा. वरातीमागून घोडं आहे हे मला माहीत आहे. सिंधुबाईंचा आवाज आम्ही सगळ्यांत आधी तयार केला. व्यंकटरावांनी या वेळी काही न विचारता रेकॉर्डिंग पाठवलं. तुमचा आवाज श्रीशैलदादाच्या लग्नाच्या व्हिडिओतून काढला आहे. त्यात तुम्ही आचाऱ्यावर ओरडताय, तेव्हा नवा आवाज थोडा तापट निघाला तर आमचा इलाज नाही.

हे कसं पेललं, ते तुम्ही विचाराल म्हणून सांगते. सुदर्शन पुण्याला नोकरीला गेला. आमच्यात भांडण झालं नाही. तो म्हणाला की दोघांचा पगार आणि सगळ्यांचं भाडं एका वेळी निघणार नाही, तर एकाने बाजूला व्हावं. निघण्याआधी त्याने रात्रंदिवस बसून सगळं काम मार्गी लावलं. मी सकाळी कॉलेजात शिकवायला जाते आणि दुपारनंतर खोली उघडते. तुमच्या आजवरच्या रीतीची किंमत कुणीतरी असं बाजूला होऊनच मोजली असेल का, असा विचार येतो. आजोबांच्या वेळी ते कोण होतं, मोठी अव्वा सांगू शकेल.

सगळे नव्यावर गेले की जुनं ‘वाचा’ मे महिन्यात बंद करणार आहे. टॅबलेट बदलत राहतात तसं जुन्यालाही जुळवत राहावं लागतं, आणि दोन्ही सांभाळायला आता मी एकटी आहे. तुम्ही नवं वापरून बघा आणि कळवा. आणि पुढच्या वेळी नांदेडवरून जाताना उतरला नाहीत तर मी खरंच बोलणार नाही.

आपली,
स्वप्नाली

---

लातूर,
२० एप्रिल २०२५

चि. स्वप्नाली हिस मोठ्या अप्पांचे भरभरून आशीर्वाद.

ऊन मी म्हणतं आहे. बाहेर पडू नकोस, पडलीस तर डोक्यावर ओढणी घे.

माझा आवाज मिळाला. पहिल्यांदा लावला तेव्हा दानम्मा भाकरी थापत होती. मी टॅबलेटवर नुसतं तिचं नाव लिहिलं. तिने थापता हात थांबवला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की एवढं जोरात कशाला, हाय की हितंच. मग तव्यावरची भाकरी करपून गेली तरी ती उठली नाही. तुझा प्रश्नही तिला विचारला. ती म्हणाली की लोकांच्या भांड्यांचे पोचे फुकट काढून दिले, ते दुकान बंद झाल्यावर दिव्याखाली बसून काढायची कोण तर तुझी आजी. तिला कुणी विचारलं नव्हतं. हे मला सत्तरीला आल्यावर कळतं आहे. सुदर्शनला माझा आशीर्वाद कळव. त्याच्या आवाजात मी त्याचे आभार मानायला हवे होते, ते राहिले.

दुसऱ्या दिवशी मी सिंधुबाईंना फोन लावला. लग्नानंतर बोललो नव्हतो. टॅबलेटवर सगळं आधी लिहून ठेवलं होतं, की माझ्या हट्टापायी तुमची हाक राहिली, माझी चूक पदरात घ्या. ते माझ्या स्वतःच्या आवाजात तिकडे गेलं.  मग त्यांनी विचारलं की कोण बोलून राहिलंय. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी उलट सांगितलं की धोंडप्पांना मी वळखते, हे ते न्हाईत.

त्यांनी माझा हा आवाज कधी ऐकलाच कुठं होता? आमची ओळखच मुळी दोघांचे घसे गेल्यानंतरची. मी जुनं ‘वाचा’ उघडलं आणि तेच पुन्हा सुदर्शनच्या आवाजात ऐकवलं. लगेच त्या म्हणाल्या, बोला अप्पा. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्याही सुदर्शनच्याच आवाजात बोलत होत्या.

मी विचारलं, तुमचा आवाज नाही का मिळाला? तर म्हणाल्या, मिळाला, दार लावून एकदा ऐकला, लई गोड काढलाय तुमच्या पोरीनं. पण तो त्या वापरणार नाहीत. लग्नाच्या दिवशी हाक का मारली नाही, असं दीपमालाने सासरी जाताच विचारलं होतं. त्यांनी तिला सांगितलं की नवं मशीन अजून निघालंच न्हाई. मी घेऊ दिलं नाही, हे त्यांनी पोरीला सांगितलं नाही, स्वप्नाली. व्यंकटरावांनाही सांगू दिलं नाही. आता त्या आवाजात लेकीला हाक मारली तर ती विचारणार की आई, हे कधी निघालं, आणि तवा कुठं व्हतं. एकदा विचारलं की ते लग्नाआधीच निघालं होतं हे कळेल, मग सगळं बाहेर येईल, आणि तिच्या लग्नात फेटा बांधून पहिल्या रांगेत बसलेला म्हातारा तिच्या मनातून उतरेल. त्या म्हणाल्या की ते नगं. लेकीचा फोन आला की त्या कपाटातला टॅबलेट काढून जुन्याच आवाजात बोलतात. पोरीला आता सवय झाली आहे म्हणे.

मी फोन ठेवला आणि हे पत्र लिहायला बसलो. 

म्हणून एक मागणं आहे, आणि आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाईक म्हणून मागतो. जुनं ‘वाचा’ मे महिन्यात बंद करू नकोस. सिंधुबाई आता त्यातूनच बोलणार आहेत, आणि त्यांच्याशी बोलायचं तर मलाही तेच लागेल.

बसवजयंतीला ये. माया होती तितकीच असू दे, जास्त मागायचा हक्क मला उरला नाही.

तुझे मोठे अप्पा,
धोंडप्पा